खुर्चीवरचा टॉवेल

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत, ते साठतात. आमच्या ऑफिसात तर कपाटावरच्या धुळीसारखे! आज पुसून घ्या, उद्या पुन्हा तेवढेच. मला शाळेपासून रोज डायरी लिहायची सवय आहे. त्यामुळे ऑफिसात काही घडलं की कुणीतरी कपाळाला हात लावून म्हणतं, "काकू, हे लिहा!" आणि मी लिहिते. तारीख, वार, वेळ, कोण काय म्हणालं. परवा जुन्या डायऱ्या चाळत बसले होते. "काकू, हे लिहा" असं कुणीच म्हणालं नाही, असे दिवस शोधले तर बहुतेक रविवारच निघाले!

आधी आम्ही कोण ते सांगते. कोल्हापुरात उद्यमनगरात सर्जेराव मिस्त्रींचं विहिरीवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. त्याच्यावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस. आम्ही विजेच्या धोरणाचा अभ्यास करतो. शेतीला वीज कधी मिळते, कशी मिळायला हवी, सौरऊर्जेची सोय कुठे होईल, हे गावोगाव फिरून बघायचं, लिहायचं, आणि ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांच्यापुढे ठेवायचं. माणसं तीन, आणि तिन्ही बायका. मंजिरी मॅडम प्रमुख. अर्थशास्त्र शिकलेल्या, शिक्षकांच्या घरातल्या, आवाज कधी चढत नाही. दुसरी प्रज्ञा. गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याची मुलगी, इंजिनिअर. हिचा आवाज कधी उतरत नाही. आणि तिसरी मी. बारावीपर्यंत शिकलेली. टायपिंगला म्हणून आले आणि फायली वाचता वाचता विजेचं शिकले.

प्रज्ञाची एक योजना होती. शेतीच्या मोटारींना निम्मे दिवस रात्रीच वीज मिळते. माणसं अंधारात साप आणि गवे चुकवत विहिरीवर जातात. गावानं गायरानातला पडीक तुकडा सौर प्रकल्पाला दिला, तर त्या गावाच्या मोटारींना रोज दिवसा वीज देता येईल. कागदावर सगळं जुळलं होतं. फक्त कुठल्यातरी एका गावानं पहिल्यांदा ग्रामसभेत ठराव करायला हवा होता.

आणि तिच्या ड्रॉवरमध्ये गुरगावच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र होतं.

"काकू, एक गाव. फक्त एक गाव झालं तर मी इथंच राहते. नाही झालं तर जाते." हे तिनं मला पाच वेळा सांगितलं. डायरीत पाचही वेळा आहे.

* * *

सुरुवात खुर्चीपासून करायला हवी.

आमचे आधीचे संचालक निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला गेले. त्यांची खुर्ची राहिली. फिरती, उंच पाठीची, आणि पाठीवर पांढरा टॉवेल. साहेबांच्या खुर्चीला टॉवेल का लागतो, हे मला आजतागायत कुणी सांगू शकलेलं नाही. मंजिरी मॅडमना पाठदुखी, त्या लाकडी खुर्चीवर बसतात. त्या खुर्चीचं एक चाक अडकतं, म्हणून दुसरंही कुणी बसत नाही. टाकून द्यायला निघालो तर खालचे सर्जेराव म्हणाले, "टाकू नगा मॅडम. खुर्ची हाय तवर ऑफिस वाटतंय!"

मग राहिली. खालून व्हार्निशचा वास वर येतो आणि टॉवेलात बसतो, म्हणून दर शनिवारी मी तो धुते.

एकदा पेठ वडगावचे एक शेतकरी आले. अकरा वाजून दहा मिनिटं.

"साहेब हायत का?"

"मीच प्रमुख आहे. बसा, बोला ना," मंजिरी मॅडम म्हणाल्या.

"व्हय व्हय. असू दे. साहेब आलं की बोलतो."

ते खुर्चीसमोर बसले. चहा घेतला. साडेअकराला मॅडमनी पुन्हा विचारलं. बाराला प्रज्ञानं विचारलं. साडेबाराला तिचा आवाज खाली सर्जेरावांना ऐकू गेला, "पावणं, इथं साहेब नाहीतच!"

"येतील की," ते शांतपणे म्हणाले. "टॉवेल हाय म्हंजे येणार."

शेवटी एसटीची वेळ झाली. त्यांनी खिशातून अर्ज काढला, आम्हा तिघींच्या समोरून नेला आणि रिकाम्या खुर्चीवर ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून मंजिरी मॅडमच्याच टेबलावरचा पेपरवेट उचलून त्यावर ठेवला. खुर्चीला नमस्कार केला आणि गेले!

मॅडमनी त्याच दुपारी अर्जाला उत्तर लिहिलं, मी टाईप केलं. आठवड्यानं त्यांचा फोन आला.

"साहेबांस्नी सांगा, लगीच उत्तर दिलं. काम चोख हाय!"

* * *

फोनचे किस्से वेगळ्या वहीत लिहावे लागतील, इतके आहेत. त्यातला एकच सांगते.

"हॅलो, साहेबांना द्या."

"साहेब नाहीत. मॅडम आहेत, देऊ?"

पलीकडे थोडा विचार झाला.

"नको. मग शिपायाला द्या."

* * *

मंजिरी मॅडमना पुण्याला एका परिसंवादाला बोलावलं होतं. विषय शेतीच्या विजेचा. मॅडम चार दिवस तयारी करत होत्या. मी वीस पानं टाईप केली, दोनदा तपासली आणि बरोबर गेले. व्यासपीठावर चार पुरुष आणि मॅडम.

निवेदकानं पहिल्याला दरांबद्दल विचारलं. दुसऱ्याला तारांच्या जाळ्याबद्दल. तिसऱ्याला कर्जाबद्दल. चौथे एक निवृत्त अधिकारी होते, उभी हयात विजेत घालवलेले, त्यांना देशाच्या भवितव्याबद्दल. मग मॅडमकडे वळून गोड हसला.

"मॅडम, घर आणि करिअर, ही तारेवरची कसरत तुम्ही कशी सांभाळता?"

मी वीस पानांकडे बघितलं.

मॅडम तितक्याच गोड हसल्या. "छान प्रश्न आहे. पण आधी यांना विचारा ना. हे माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहेत." आणि माईक चौथ्यांकडे सरकवला.

ते भले गृहस्थ होते. गोंधळले आणि खरं बोलून गेले. "मला... खरं सांगायचं तर आमच्या घरातलं मीटर कुठल्या भिंतीवर आहे, तेसुद्धा माहीत नाही. ते सगळं मिसेस बघतात."

"मग आयोजकांनी त्यांना बोलवायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. आवाज अजिबात न चढवता.

परतीच्या गाडीत सातारा मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "काकू, लिहिलंत ना?"

* * *

हा पुढचा किस्सा गारगोटीचा. तिथे सौर शेतीचा मेळावा होता. छापील पत्रिकेत प्रज्ञाचं नाव 'प्रमुख मार्गदर्शक' म्हणून. तिचं लग्न झालेलं नाही, तरी नावामागे 'सौ.' लावलेलं. ती ते गिळून गेली. तिच्याकडे गावोगावच्या दोन वर्षांच्या नोंदी होत्या आणि बोलायला अर्धा तास मिळणार होता.

आम्ही पोचलो तोच एकानं तिच्या हातात निरांजनाचं ताट दिलं. "बरं झालं आलासा! पाव्हण्यांचं औक्षण तेवढं उरका."

औक्षण उरकलं. मग सत्कार सुरू झाले. आपल्याकडे एकदा फेटे बांधायला घेतले की कुणाला वगळता येत नाही. वगळलेला माणूस निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतो. त्यामुळे व्यासपीठावरच्यांना झाले, पहिल्या रांगेला झाले, मंडपवाल्याला झाला. मग पाहुण्यांची भाषणं. दीड वाजला. मागून मटणाचा वास यायला लागला.

आयोजक धावत आले. "मॅडम, येळ संपली. मार्गदर्शन ऱ्हाऊ दे. तुम्ही आपलं आभार माना. बायकांच्या तोंडी आभार शोभत्यात."

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे. ती माईकपाशी गेली.

"सर्वप्रथम मी आभार मानते त्या विजेचे, जी निम्मे दिवस रात्रीच येते आणि आपल्या माणसांना अंधारात विहिरीवर बोलावते. तिनं हे असं का करावं, याची कारणं चार आहेत."

मंडपात चुळबुळ थांबली.

"दुसरे आभार आपल्या गावोगावच्या पडीक गायरानांचे. तिथं दिवसभर फुकट ऊन पडतं आणि कुणी उचलत नाही. ते कसं उचलायचं, हे आता थोडक्यात सांगते."

बत्तीस मिनिटं! आभार चालू असताना उठता येत नाही, कारण राष्ट्रगीत बाकी असतं. आणि राष्ट्रगीत झाल्याशिवाय जेवण नाही. सगळं गाव बसून राहिलं. शेवटी तिनं फेटे बांधणाऱ्याचेही आभार मानले.

आयोजक घाम पुसत आले. "आभार लई लांबलं. पर मॅडम, तुमचं भाषण ऱ्हायलंच की वो!"

ती काही बोलणार, इतक्यात मागून एक म्हातारे काठी टेकत पुढे आले. पुढच्याच एका गावचे, सगळे त्यांना तात्या म्हणत होते. त्यांच्या शब्दावर गाव हलतं, असं नंतर कळलं. प्रज्ञाला खालपासून वरपर्यंत न्याहाळून ते म्हणाले, "पोरी, आमच्या गावाला ईऊन एकदा असंच आभार मान."

* * *

मधला एक किस्सा घरगुती आहे. पण प्रज्ञानं स्वतः "काकू, हे लिहाच!" म्हटलंय.

तिच्या आत्यानं कोल्हापुरातलं एक स्थळ आणलं. मुलगा बरा होता. पाहणं झालं, मग हिच्या घरचे मुलाचं घर बघायला गेले. चहा झाला तशी मुलाची आई म्हणाली, "सोलरमधल्या हाईसा न्हवं? आमच्या गच्चीवर सोलर हाय. पाणी काय तापंना झालंय. जरा बगतासा का?"

प्रज्ञा जरीची साडी खोचून लोखंडी शिडीवरून वर गेली. मागून मुलगा, मुलाचे वडील, आत्या. बघते तर यांनी पाण्याची नवी टाकी बरोबर सोलरच्या दक्षिणेला बांधलेली! दिवसभर सावलीत बसलेला सोलर काय तापणार? तिनं सावली कुठून कुठे फिरते ते खडूनं गच्चीवर काढून दाखवलं, सोलर कुठे हलवायचा तेही सांगितलं. मुलाच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावला.

चार दिवसांनी निरोप आला. "पोरगी लई हुशार हाय. आमच्या पोराला झेपायची न्हाई."

ठीक. ती दोन दिवस धुसफुसली आणि कामाला लागली.

महिन्यानं पुन्हा त्याच बाईंचा फोन. "पोराचं जमलं बरं का! लग्नाला नक्की या. आणि येताना दोन दिस आदी या. गच्चीवर दुसरा सोलर बसवायचा हाय. पाव्हणं लई येणार, अंगुळीला पाणी पुरलं पायजे!"

* * *

तात्यांच्या गावाला आम्ही दोघी भाड्याच्या जीपनं गेलो. चालक बाजीराव. पन्नाशीचा, भरदार मिशा, आणि त्या दिवशी नेमका इस्त्रीचा सफारी घातलेला.

गाडी थांबली. शाळेच्या दारात माणसं उभी होती. बाजीराव आधी उतरला. पुढचं कुणाला काही कळायच्या आत झालं. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, हातात नारळ! त्याला धरून आत नेलं आणि मधल्या खुर्चीवर बसवलं. बाजीराव नाही म्हणाला नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "काकी, जन्मात पयल्यांदा हार पडला. कसं न्हाई म्हणू?"

प्रज्ञानं फळ्यावर गावाचा नकाशा काढला. गायरान, ओढा, विजेचे खांब. दीड तास बोलली. लोकांनी नीट ऐकलं. पण प्रत्येक प्रश्न विचारून झाला की माणूस बाजीरावाकडे बघायचा. बाजीराव मान डोलवायचा.

शेवटी तात्यांनी हात जोडले. "साहेब, सगळं कळलं. पर तुमचं काय मत?"

बाजीराव गंभीरपणे म्हणाला, "पाचच्या आत निघालं पायजे. डिझेल कमी हाय."

कुणीतरी विचारलं, हे नक्की कोण, मग प्रज्ञानं सांगितलं, आणि मग सगळ्यांना कळलं. तात्या उठले. त्यांनी बाजीरावाच्या गळ्यातला हार सावकाश काढला आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवला.

"असू दे. साहेब येतील तवा घालू."

मग प्रज्ञाकडे वळून म्हणाले, "बाई, तुझं सगळं पटलं. आता साहेबांस्नी घिऊन ये. साहेब बगितल्याबिगर गाव ठराव करायचं न्हाई."

"तात्या, अहो, आमच्याकडे साहेब नाहीत!"

"रजेवर हायत व्हय? येऊ द्यात की."

* * *

त्यानंतरचे आठ दिवस वाईट गेले.

आधी मंजिरी मॅडम स्वतः गावाला जाऊन आल्या. चांगली बडदास्त झाली, साडीचोळीनं ओटी भरली. निरोप देताना तात्या म्हणाले, "मोठ्या मॅडम बगितल्या. लई बरं वाटलं. आता साहेब."

सर्जेराव मिस्त्रींनी तयारी दाखवली, "मी येतो की साहेब हून. माझ्याकडं कोट हाय." मग मीच मूर्खासारखी म्हणाले, "आमचे हे निवृत्त झाल्यापासून घरीच असतात. एक दिवस येतील. बोलायचं काहीच नाही, नुसतं बसायचं."

प्रज्ञा उसळली. "काकू, दोन वर्षं उन्हात मी फिरले. खांब मी मोजले. आणि ठराव काकांच्या टकलाकडं बघून करायचा?"

मंजिरी मॅडम खिडकीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "उसना साहेब आणायचा नाही. काम राहिलं तरी चालेल."

राहणारच होतं. गुरगावच्या पत्राला सोमवारपर्यंत उत्तर पाठवायचं होतं. शुक्रवारी प्रज्ञानं होकाराचा मजकूर लिहून माझ्या टेबलावर ठेवला. "काकू, टाईप करून द्या."

चार ओळी होत्या. मी त्या तीन वेळा चुकवल्या. इतक्या वर्षांत अशा चुका मी केलेल्या नाहीत. चौथ्यांदा बरोबर आलं. तिनं सही केली आणि पाकीट पर्समध्ये टाकलं. सोमवारी पोस्टात टाकणार होती.

त्या दिवशी "काकू, हे लिहा" असं कुणी म्हणालं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी शनिवार. आषाढातला पाऊस सहा दिवस उघडलेला नव्हता. मी सवयीनं सकाळी टॉवेल धुतला. वाळायला जागा नाही, म्हणून पिळून तसाच खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पंखा लावला.

दहा वाजून पाच मिनिटांनी दारात काठी वाजली. तात्या! छत्रीतून पाणी गळतंय, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं.

"साहेब काय गावाला येईनात. म्हटलं, आपुनच जाऊन भेटावं."

मंजिरी मॅडमनी कपाळाला हात लावला. प्रज्ञानं काही सांगायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. नुसती खुर्ची दाखवली. तात्या खुर्चीसमोर बसले. मी चहा करायला आतल्या खोलीत गेले, प्रज्ञा तिथल्याच कपाटात गायरानाचा नकाशा शोधायला, आणि मंजिरी मॅडम तात्यांची छत्री जिन्यात निथळत ठेवायला. थोडा वेळ ते आणि खुर्ची, दोघंच होते.

आम्ही परत आलो तेव्हा तात्यांनी बोलायला सुरुवात केली होती. खुर्चीकडे बघून.

"तर साहेब, पयला सवाल. करार संपल्यावर जमीन कुणाची?"

प्रज्ञा बाजूला उभी होती. तिला राहवलं नाही. "गावाचीच. करारात तसं लिहिलेलं असतं."

तात्यांनी खुर्चीकडे बघून मान हलवली. "बरं. दुसरा. गायरानात शेरडं चरत्यात धनगरांची. ती कुठं जायाची?"

"पॅनलच्या खाली गवत वाढतं तात्या. उंची वाढवून घेतली तर शेरडं खालीच चरतील. मी नकाशात तसंच धरलंय. हे बघा."

तात्यांनी नकाशा बघितला आणि पुन्हा खुर्चीकडे वळले. "असं म्हंता साहेब? आणि ढगाळ दिवसाला?"

असे दोन तास! खुर्चीला प्रश्न, प्रज्ञाचं उत्तर, आणि खुर्चीलाच "बरं साहेब". मधेच एका प्रश्नाला ती अडली. "हे मला आज सांगता येणार नाही, विचारून सांगते," म्हणाली. तेव्हा मात्र तात्यांनी पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे बघितलं.

साडेबाराला उठले. खुर्चीला रामराम केला. दारात थांबून म्हणाले, "सोमवारी ग्रामसभा हाय. दहाला या."

ते जिना उतरले तशी प्रज्ञा माझ्याकडे वळली. "काकू, हे लिहा. आणि खाली लिहा की प्रज्ञा माने या दिवशी संपली."

* * *

सोमवारी आम्ही तिघीही गेलो. प्रज्ञाच्या पर्समध्ये ते पाकीट होतं. परतताना गारगोटीच्या पोस्टात टाकायचं ठरलं होतं.

शाळेची मोठी खोली भरलेली. खुंटीवरचा हार वाळून काळा पडलेला. ग्रामसेवकांनी विषय वाचला. सौर प्रकल्पासाठी गायरानातली जागा देण्याबाबत. वाचून होतंय तोच मागून एकजण उठला.

"ते ठराव-बिराव असू दे. साहेब कुठं हायत? साहेब बगितल्याबिगर ठराव न्हाई, असं तात्याच म्हणालतं!"

"व्हय, म्हणालतं!" आणखी चार-पाच आवाज.

प्रज्ञानं डोळे मिटले.

तात्या काठीवर जोर देऊन उठले. "म्हणालतो. म्हणूनच शनवारी पावसात कोल्लापूरला गेलतो. साहेबांच्या म्होरं दोन तास बसलो."

मागचा उठलेला माणूस खाली बसला.

"जमिनीचं इचारलं. शेरडांचं इचारलं. ढगांचं इचारलं. समद्याचं उत्तर मिळालं. एका सवालाचं उत्तर येत नव्हतं, तर येत न्हाई म्हणून सांगितलं. असला साहेब तुम्ही कुणी बगितलाय का?"

कुणी बघितला नव्हता.

"पर दिसायला कसं हायत?" मागच्यानं विचारलं.

"त्या वक्ताला खुर्चीत नव्हतं," तात्या म्हणाले. "पर टॉवेल वला होता."

"वला?"

"वला! ह्या हातानं चाचपला. बाहेर थंडी, पाऊस आणि साहेबांचा टॉवेल घामानं वला! एवढं काम करतोय का रं तुमच्यातला कोण?"

खोलीभर कुजबूज गेली. "वला होता म्हंत्यात." "तात्या सोता बगून आल्यात." माझ्या शेजारी मंजिरी मॅडमनी पदर तोंडात धरला होता. मी डायरीत मान घातली. ग्रामसेवकांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूनं कोण कोण?" आणि हात वर जायला लागले. पुढून, मधून, बायकांच्या बाजूनं, आणि शेवटी मागच्या त्या माणसाचासुद्धा.

ठराव झाला. अकरा वाजून चाळीस मिनिटं.

प्रज्ञा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिनं पर्समधून पाकीट काढलं, त्याचे चार तुकडे केले आणि पुन्हा पर्समध्येच ठेवले. रागानं केले की आनंदानं, मला चेहऱ्यावरून कळलं नाही. "टॉवेल," ती मला म्हणाली. "काकू, दोन वर्षं. आणि शेवटी टॉवेल!"

तेवढ्यात तात्या आले. हातात नव्या कोऱ्या फेट्याचं लाल कापड. "गावानं साहेबांसाठी आणलाय."

प्रज्ञानं सुस्कारा सोडून हात पुढे केले. "द्या तात्या. पोचवते साहेबांना."

"घडी घालून फेटा देत न्हाईत. बांदून द्यावा लागतोय."

"पण बांधणार कसा? साहेबांच्या डोक्याचं माप कुणाला माहीत आहे?"

"मला हाय की म्हाईत," तात्या म्हणाले. त्यांनी कापडाचं एक टोक तिच्या हातात दिलं, काठी माझ्याकडे दिली आणि तिच्या डोक्याभोवती पहिला वेढा घातला.

प्रज्ञानं दचकून मान माझ्याकडे वळवली.

"हलू नगा, साहेब!" तात्या खेकसले.